विज्ञानाची शेवटची जागा

त्या जूनमध्ये मला एका जागी बसवत नव्हतं. अंधेरीतली नोकरी सोडून वर्ष होत आलं होतं. मुलगी लहान, तिला सांभाळायला घरात कोणी नाही, आणि सोडायचा निर्णय माझा मीच घेतलेला. तरी सकाळी नवरा डबा घेऊन बाहेर पडला की विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी उगाच फेऱ्या मारायचे. पाणी भरून झालेलं, मुलगी बालवाडीत, आणि हाताला काम नाही. नोकरीत मी डेटाबेस सांभाळायचे. एखादा सर्व्हर रखडायला लागला की तो का रखडतो ते शोधायचं आणि त्याला पळता करायचं, हे माझं काम. ते मला आवडायचं. घरात पळतं करण्यासारखं काही नव्हतं.

आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या एक बाई विरार पश्चिमेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायच्या. एके दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही कम्प्युटरचं काम करायचात ना? आमच्याकडे अकरावीचे प्रवेश सुरू झालेत. रांग फाटकाबाहेर गेलीय. सर नुसते घामाघूम झालेत. येता का जरा बघायला?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. मुलीला बालवाडीत सोडलं आणि रेल्वेचा पूल ओलांडून सरळ कॉलेजात.

हॉलमध्ये टेबलं मांडून चार खिडक्या केल्या होत्या. प्रत्येक खिडकीवर एक कम्प्युटर आणि एक कारकून बाई. मागच्या खोलीत सर्व्हर. समोर मुलं आणि त्यांचे आईवडील, बरेचसे ऑफिसला दांडी मारून आलेले. हातात गुणपत्रिकेच्या झेरॉक्स, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या. चार खिडक्या असूनही एका वेळी एकीवरच काम चाललेलं दिसत होतं. बाकी तिघीजणी पडद्याकडे बघत गप्प बसलेल्या.

प्राचार्य मध्यमवयीन, उंच आणि कायम उभे असणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. ते मला म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी मशीन जुनं होतं म्हणाले, म्हणून यंदा नवीन घेतलं. पण रांग तशीच आहे. आता मी पालकांना काय सांगू?"

कारण सापडायला वेळ लागला नाही. तो प्रोग्रॅम कोणी लिहिला होता ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण लिहिणारा माणूस घाबरट असावा. एका खिडकीवर एक प्रवेश सुरू झाला की तो प्रवेशांची सगळीच्या सगळी माहिती कुलूपबंद करायचा. ती पावती छापून होईपर्यंत बाकीच्या खिडक्यांनी थांबायचं. वाणिज्यचा प्रवेश चालू असला तरी विज्ञानाने थांबायचं, कलाने थांबायचं. चार खिडक्या दिसायला होत्या, दार एकच होतं.

मी ते कुलूप काढलं. शोधाशोध लवकर व्हावी म्हणून आणखी दोन-तीन बारीक गोष्टी केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या उघडल्या तेव्हा मागे उभी राहिले. चारही प्रिंटर एकदम कुरकुरायला लागले. पहिल्या खिडकीवरच्या बाई वळून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई, हे तर माझ्या आधी पुढे जातंय." दुपारपर्यंत रांग हॉलच्या आत आली होती. सरांनी माझ्यासाठी बटाटेवडे मागवले. मी उभ्याउभ्याच खाल्ले. इतका हलका दिवस मला कितीतरी महिन्यांत मिळाला नव्हता.

विज्ञान शाखेच्या जागा संपल्या त्या दुपारी चारही खिडक्या विज्ञानासाठीच लावल्या होत्या. थोड्याच जागा उरल्याचं सरांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि लोक टेबलांना खेटून उभे होते. मग पडद्यावर 'जागा पूर्ण' असं आलं, खिडक्या बंद झाल्या, हॉल रिकामा झाला आणि मी घरी आले.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जाता का? आत्ता आलात तर बरं."

त्यांच्या खोलीत दोन मुली उभ्या होत्या. एक अर्नाळ्याची, तिच्याबरोबर तिची आई. आई सुकी मासळी विकायची आणि बाजारातून तशीच आली होती. दुसरी मुलगी आमच्या फुलपाड्यातली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिच्याबरोबर तिचे वडील. ते मुंबईत कुठल्याशा ऑफिसात होते आणि हजेरीचं घड्याळ डोक्यात घेऊन बसल्यासारखे खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते. टेबलावर दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्ही खऱ्या, दोन्हींवर कॉलेजचा शिक्का, आणि दोन्हींवर एकच जागा क्रमांक. विज्ञान शाखेतला शेवटचा.

काय झालं असेल ते मला पावत्या बघूनच कळलं होतं.

"जागा एकच आहे," सर म्हणाले. "शिक्षण खात्याने मंजूर केल्यात त्याच्यावर एकही मला देता येत नाही. तेव्हा आधी कोणाचा प्रवेश झाला ते तुम्ही मशीनवर बघून सांगा. जिचा आधी, तिची जागा."

मी मागच्या खोलीत जाऊन नोंदी उघडल्या. दोन्ही नोंदींवर वेळ होती, पण ती वेळ ज्या त्या खिडकीवरच्या मशीनची होती. मी हॉलमध्ये जाऊन चारही मशीन चालू केली. एकाचं घड्याळ पुढे, एकाचं मागे, आणि एक तर चालू केलं की दर वेळी नव्यानेच वेळ लावून घ्यावं लागणारं. नोंदी आल्या त्या क्रमाने ठेवलेल्याही नव्हत्या, अर्जाच्या क्रमांकाने लावलेल्या होत्या. दोन्ही नोंदी मी पुन्हा ताडून पाहिल्या. शेवटी सरांच्या खोलीत परत गेले.

"सर, आधी कोण ते सांगता येणार नाही."

"म्हणजे? वेळ नाही त्यात?"

"वेळ आहे, पण दोन वेगवेगळ्या घड्याळांची. ती एकमेकांशी जुळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर आधी कोणी नव्हतंच. दोन्ही खिडक्यांनी एकदम विचारलं, जागा किती उरल्या. दोघींनाही उत्तर मिळालं, एक. मग दोघींनीही ती घेतली. पूर्वी एक खिडकी चालू असली की दुसरी थांबायची, त्यामुळे असं होत नव्हतं. ते थांबणं मी काढून टाकलं. म्हणून रांग पळाली आणि म्हणूनच हे झालं."

फुलपाड्याच्या मुलीचे वडील म्हणाले, "मॅडम, असं कसं? कम्प्युटरला सेकंदाचाही हिशेब असतो. तुम्ही नीट बघितलं नसेल."

"बघितलं. पुन्हा बघते म्हटलं तरी तेच दिसेल."

सर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "एक नाव सांगून टाका ना. पावतीवर वेळ छापलीय. ज्या पावतीवर आधीची वेळ, तिला देऊ. कोणी विचारणार नाही."

पावतीप्रमाणे आधीची वेळ फुलपाड्याच्या मुलीची होती. तिच्या खिडकीचं घड्याळ मागे पडलेलं होतं. मला फक्त मान डोलवायची होती. मी म्हटलं, "सर, तुम्ही ठरवा कसं द्यायचं ते. चिठ्ठी टाका, गुण बघा. पण मशीनने सांगितलं असं नका म्हणू. मशीनने सांगितलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे नाराजीने पाहिलं. तेवढ्यात अर्नाळ्याच्या मुलीची आई म्हणाली, "साहेब, दोगीनला पावती तुमीच दिली ना? मंग दोगीनला बसवा. वरून कोन काय म्हनतंय ते नंतर बघू."

सरांनी तेच केलं. एक जादा जागा मिळावी म्हणून अर्ज करायचा, तो ठाण्याला खात्याच्या ऑफिसात पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत दोघींनी वर्गात बसायचं. दोघींचे गुण इतके जवळचे होते की त्यावरून निवाडा करायला सरांनाही धीर झाला नाही. दोन्ही मुली या सगळ्या वेळात एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

वाणिज्य आणि कलाचे प्रवेश अजून चालू होते. मी आधी आणखी कुठे दोघांना एकच जागा गेलीय का ते तपासलं. गेली नव्हती. त्या गर्दीच्या दुपारी एकदाच फट उघडी पडली होती, तीही नेमकी शेवटच्या जागेवर. पण घडलं ते पुन्हा घडू शकत होतं. मी तात्पुरतं जुनं कुलूप परत लावलं. रांग पुन्हा फाटकाकडे सरकायला लागली आणि मी दोष समोर आणायच्या मागे लागले.

तो काही केल्या दिसेना. दुपारी खिडक्या बंद झाल्यावर मी चारही कारकून बायकांना थांबवून घेतलं. सर्व्हरवर खोटी माहिती भरली, कुलूप काढलं, एकच जागा शिल्लक ठेवली आणि म्हटलं, "मी तीन म्हटलं की चौघींनी एकदम बटण दाबायचं." त्यांनी दाबलं. एकीला जागा मिळाली, तिघींना 'जागा पूर्ण' आलं. पुन्हा केलं, तेच. पुन्हा, तेच. सुरुवातीला त्यांना शाळेतल्या खेळासारखी मजा वाटत होती. मग चौथ्या खिडकीवरच्या बाई पर्स काखेत अडकवत म्हणाल्या, "मॅडम, हे आता बरोबरच चालतंय. झालं ना दुरुस्त?"

"मी अजून काहीच केलेलं नाही," मी म्हटलं.

त्या निघून गेल्या. मी घरी आले तर मुलीने विचारलेलं मला ऐकू येईना. रविवारी नवऱ्याने आम्हाला राजोडीच्या समुद्रावर नेलं. तो आणि मुलगी ओल्या वाळूत खड्डे करत बसले. मी पाण्याच्या कडेने इकडून तिकडे चालत राहिले. एखादी गोष्ट नेहमी चुकत असली तर तिच्यापुढे बसून राहता येतं. ही गोष्ट मी बघत असताना शहाण्यासारखी वागत होती, आणि मी पाठ फिरवली की पुन्हा कोणाच्या तरी मुलीची जागा घेणार होती. नवरा म्हणाला, "अगं, बस की जरा. वाळू काही चावत नाही." मी बसले आणि लगेच उठले.

चालताना डोक्यात आलं ते हे, की बोटं कितीही चपळ असली तरी त्या क्षणात शिरणार नाहीत. विचारणं आणि घेणं यांच्यामध्ये पापणी लवायलाही वेळ नसतो. मग ती फटच मोठी का करू नये?

सोमवारी मी प्रोग्रॅममध्ये विचारणं आणि घेणं यांच्या मधोमध मुद्दाम थांबा घातला. जागा किती उरल्या ते विचार, मग थोडं थांब, मग घे. दुपारी बायकांना पुन्हा बसवलं. त्या कुरकुरल्या, पण बसल्या. तीन म्हटलं. चारही प्रिंटर चालू झाले आणि चार पावत्या बाहेर आल्या. चौघींना एकच जागा.

"अरे देवा," पहिल्या बाई म्हणाल्या आणि आपली पावती उलटसुलट करून बघायला लागल्या. मला मात्र बऱ्याच दिवसांनी खोल श्वास घेता आला. आता ते माझ्यासमोर होतं.

दुरुस्ती छोटीच होती. 'जागा किती उरल्या?' हा प्रश्नच मी काढून टाकला. त्याऐवजी खिडकीने सर्व्हरला एकच गोष्ट सांगायची: या शाखेत जागा उरली असेल तर एक कमी कर, आणि कमी झाली की नाही ते मला सांग. कमी झाली तरच पावती छापायची. हे सगळं एका दमात होतं, मध्ये कोणाला शिरता येत नाही. थांबायचं ते फक्त त्या शाखेपुरतं, आणि तेही कोणाच्या लक्षात येणार नाही इतकं. जागा कमी करायच्या आधी आणि नंतरही मी मुद्दाम थांबे घालून पाहिलं. एकच पावती आली. मग मशीन मध्येच बंद करून, पुन्हा चालू करून, वेगवेगळ्या शाखा मिसळून पाहिलं. नोंदीवर वेळही आता सर्व्हरचीच पडायची. कुलूप निघालं, रांग परत आत आली.

सर म्हणाले, "झालं ना आता?" मी हो म्हटलं. पण उरलेले सगळे दिवस मी हॉलमध्ये खिडक्यांच्या मागे उभी राहिले. बसायला खुर्ची दिली होती, तिच्यावर माझी पिशवी असायची.

वर्ग सुरू झाले. पुढचं मला गणिताच्या बाईंकडून कळत गेलं. दोघींचा हजेरी क्रमांक सध्या एकच ठेवला होता. पहिल्या दिवशी तो पुकारला तेव्हा दोन बाकांवरून एकदम 'हजर' आलं आणि सगळा वर्ग हसला. अर्नाळ्याची मुलगी लालबुंद झाली, फुलपाड्याची खाली बघत राहिली. दोन-तीन दिवस दोघीही हळू आवाजात, दुसरीच्या आधी म्हणायला बघायच्या. मग एक दिवस बाईंनी क्रमांक पुकारला तर एकीचाच आवाज आला. दुसऱ्या दिवशी दुसरीचा.

"त्यांनी आपसात ठरवलंय," बाई म्हणाल्या. "एक दिवस ही म्हणते, एक दिवस ती. मी दोघींना हजर मांडते. आता बसतातही एकाच बाकावर."

ठाण्याहून उत्तर येत नव्हतं. एका रविवारी सकाळी मी पाणी भरत होते, तर फुलपाड्याच्या मुलीचे वडील दारात. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"मॅडम, त्या दिवशी मी जरा जोरात बोललो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. माझ्या मुलीची जागा आहे, की नाही?"

"अजून ठरलेलं नाही हो. सर फोन करतायत रोज."

"तेच. नाही म्हणाले असते तर मी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे घातलं असतं. आहे म्हणाले असते तर प्रश्नच नव्हता. हे मधलंच काहीतरी आहे. ऑफिसात बसलो तरी डोक्यात तेच. बोरिवलीला एका कॉलेजात अजून जागा आहे म्हणतात. तीही जाईल."

"थोडे दिवस थांबलात तर..." मी म्हणायला लागले आणि थांबले. थांबून काय होईल ते मला तरी कुठे ठाऊक होतं. मागे बादली भरून वाहत होती. ते म्हणाले, "नळ बंद करा, पाणी वाया चाललंय," आणि जिना उतरून गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी तिचं नाव काढून तिला बोरिवलीला घातलं. ती मूळ गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा मी कॉलेजात होते. कारण तिचा प्रवेश रद्द केल्याची नोंद मलाच करायची होती. तिच्याबरोबर अर्नाळ्याची मुलगीही आली होती. दोघी मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, खरंच आम्ही दोघी एकदम होतो?" फुलपाड्याच्या मुलीने विचारलं.

"खरंच."

"मला वाटलं, बाबांना राग येऊ नये म्हणून तुम्ही तसं म्हणालात."

"नाही गं. कोणी आधी असतं तर तसं सांगितलं असतं."

अर्नाळ्याची मुलगी म्हणाली, "मी हिला बोलले, मी आर्ट्सला जाते, तू ऱ्हा. ही बोलते, तू जाशील तर मी पन जाईन. मंग काय करनार?" आणि ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फुलपाड्याच्या मुलीने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. मी नोंद केली. एका ओळीचं काम होतं, पण मला ती ओळ दोनदा लिहावी लागली.

मग जे व्हायचं ते झालं. इंजिनिअरिंग डिप्लोमाचे प्रवेश लागले आणि विज्ञानातली काही मुलं तिकडे गेली. जागा रिकाम्या झाल्या. एक नाही, बऱ्याच. सरांनी मला विचारून फुलपाड्याच्या त्या घरी फोन केला. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, तिकडे प्रवेश झालाय, पुस्तकं घेतलीत, आता पुन्हा हलवत नाही. ठाण्याचं उत्तर त्यानंतर आलं. ते नकाराचं होतं, पण तोवर त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

ती मुलगी कधीकधी मला सकाळी दिसायची. बॅग पुढे घेऊन स्टेशनकडे भराभर चाललेली. मला बघून हात करायची. एकदा गणिताच्या बाई म्हणाल्या, की अर्नाळ्याची सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे येते, दोघी मिळून अभ्यास करतात. ते ऐकून मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. दोघींचं मी काही बिघडवलं की त्यांना काही दिलं, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. लावायला गेलं की मी उठून फिरायला लागते.

पुढच्या जूनमध्ये सरांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी प्रवेश सुरू व्हायच्या आधीच मी बायकांना बसवून ते मधले थांबे घालून सगळं तपासून घेतलं. विज्ञानाच्या शेवटच्या दुपारी मी दुसऱ्या खिडकीच्या मागे उभी होते. शेजारच्या खिडकीवर एका मुलाची पावती छापून बाहेर आली आणि त्याच वेळी आमच्या पडद्यावर 'जागा पूर्ण' आलं. समोर एक मुलगा आणि त्याचा मामा उभे होते.

मामा म्हणाला, "आत्ता तर एक होती. मी स्वतः वाचली फळ्यावर."

"होती," बाई म्हणाल्या. "आत्ताच गेली."

"आत्ता म्हणजे कधी? आम्ही इथे उभेच होतो की."

बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, मामाला नाही पण त्या मुलाला म्हटलं, "शेजारी तुझ्या अगदी थोडं आधी झालं. या वेळी मला नक्की सांगता येतंय." त्याने मान हलवली. त्याला 'या वेळी' म्हणजे काय ते कळलं नसणार. तो मामाच्या हाताला धरून वाणिज्यच्या रांगेत जाऊन उभा राहिला.